कीड-रोगांच्या नामसूचींचे एकत्रीकरण

शेतीच्या सल्ल्याचा प्रारंभ नावापासून होतो. शेतकरी किडीचे किंवा रोगाचे नाव सांगतो, त्या नावावरून उपाय ठरतो, आणि नावात चूक झाली तर उपायातही चूक होते. बांधावर उभा असलेला कार्यकर्ता रोप हातात घेऊन नावाची शहानिशा करू शकतो. परंतु आज सल्ल्याचा मोठा भाग संगणक व मोबाइल फोन यांच्या मार्गाने गावात येतो. संगणकातील सूचीला रोप दिसत नाही, तिला केवळ नाव दिसते. सबब ती सूची बिनचूक असणे ही शेतकऱ्याच्या हिताची बाब ठरते.

अडचण अशी की सूची एक नसून अनेक आहेत. कापूस संशोधकांची सूची निराळी, कडधान्यांची निराळी, भाजीपाल्याची निराळी. राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील कृषी विद्यापीठांच्या प्रकाशनांतून येणारी नावेही आपापल्या विभागाच्या बोलीला धरून असतात. या सूची एकत्र केल्याशिवाय एका ठिकाणची माहिती दुसऱ्या ठिकाणी उपयोगी पडत नाही; आणि त्या अविचाराने एकत्र केल्या तर एका किडीचा उपाय दुसऱ्या किडीवर सांगितला जातो. हे एकत्रीकरण संगणकाच्या साहाय्याने कसे करतात, त्यात यंत्राचे काम कोणते व माणसाचे कोणते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

ऑन्टॉलॉजी म्हणजे काय?

साध्या यादीत नावे एकाखाली एक लिहिलेली असतात. त्या नावांचा परस्परांशी संबंध काय, हे यादी सांगत नाही. नावांबरोबर त्यांचे संबंधही जिच्यात नोंदलेले असतात अशा सूचीला संगणकशास्त्रात ऑन्टॉलॉजी म्हणतात. ‘शाळू हा ज्वारीचा प्रकार आहे’, ‘ज्वारी हे तृणधान्य आहे’, ‘तांदूळ हा भातापासून मिळतो’, ‘घाटे अळी हरभऱ्यावर उपजीविका करते’, अशी लहान लहान विधाने तिच्यात असतात. पहिल्या दोन विधानांवरून शाळू हे तृणधान्य आहे, हे तिसरे विधान कोणी न लिहिताही संगणक काढू शकतो. ऑन्टॉलॉजीचा खरा उपयोग हाच होय.

ही विधाने कशी लिहावीत याचे नियम ठरलेले आहेत. ओ.डब्ल्यू.एल. या नावाची भाषा त्यासाठी २००४ मध्ये प्रमाणभूत म्हणून मान्य झाली व तिची सुधारित आवृत्ती २००९ मध्ये आली. निरनिराळ्या संस्थांनी केलेल्या ऑन्टॉलॉजी या एकाच भाषेत असतील तर त्या जोडणे पुष्कळ सुकर होते.

प्रत्येक संकल्पनेला येथे एक ओळखक्रमांक असतो. त्याचे महत्त्व सातबाराच्या उदाहरणाने ध्यानात येईल. ‘आंब्याचे शेत’ या नावाचे शेत अनेक गावांत असते, आणि एकाच शेताला भाऊभाऊही दोन नावांनी ओळखतात. तथापि व्यवहार होतो तो गट क्रमांकावर. संगणकही नावावर विसंबत नाही, तर ओळखक्रमांक पाहतो. दोन सूचींत ‘करपा’ हे एकच नाव असले तरी क्रमांक भिन्न असतील तर संगणक त्यांना दोन गोष्टी समजतो. उलटपक्षी नावे निराळी पण क्रमांक एकच असेल तर ती एकच गोष्ट मानली जाते.

घोटाळा कोठे होतो?

सूची एकत्र करताना तीन प्रकारचे घोटाळे संभवतात.

पहिला, वस्तू एक आणि नावे अनेक. हरभऱ्यावरील घाटे अळी, तुरीवरील शेंगा पोखरणारी अळी, टोमॅटोवरील फळ पोखरणारी अळी आणि कपाशीवरील अमेरिकन बोंडअळी, ही सर्व हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा या एकाच किडीची नावे होत. जुन्या पुस्तकांत हीच कीड हेलिओथिस आर्मिजेरा या नावाने आढळते. ही नावे न जोडता ठेवली तर तुरीच्या शेतातील प्रादुर्भावाची नोंद शेजारच्या हरभऱ्याच्या सल्ल्यास उपयोगी पडत नाही. वस्तुतः पतंग एका पिकावरून दुसऱ्या पिकावर जात असतो.

दुसरा, नाव एक आणि वस्तू अनेक. ‘करपा’ या एका शब्दाने किती रोगांचा बोध होतो हे पाहण्यासारखे आहे. भातावरील करपा बुरशीमुळे होतो व त्याचे ठिपके डोळ्याच्या आकाराचे, मध्यभागी राखाडी असतात. भातावरीलच कडा करपा मात्र जिवाणूमुळे होतो. त्यात पाने टोकाकडून कडांनी वाळत येतात. कांद्यावरील जांभळा करपा निराळा. बटाटा व टोमॅटोवरील लवकर येणारा करपा अल्टरनेरियामुळे, तर उशिरा येणारा करपा फायटोफ्थोरामुळे होतो. केळीवरील सिगाटोका रोगासही करपाच म्हणतात. हे सर्व एका नावाखाली गोळा केले तर कडा करप्यावर बुरशीनाशक सुचविले जाईल. त्याने जिवाणूचे काही बिघडत नाही. शेतकऱ्याचा औषधाचा व मजुरीचा खर्च वाया जातो, आणि तोवर रोग पुढे गेलेला असतो.

तिसरा, नावे जवळची परंतु समान नव्हेत. भात, साळ व विदर्भातील धान ही एकाच पिकाची नावे आहेत. ती समान मानावीत. नाचणी व नागली यांचेही तसेच. परंतु शाळू म्हणजे सर्व ज्वारी नव्हे, ती रब्बी ज्वारी होय. म्हणून शाळू हा ज्वारीचा प्रकार म्हणून नोंदवावा. तांदूळ तर भाताचा प्रकारही नव्हे. तो भातापासून मिळणारा माल आहे. वरईचे पीक व भगर यांचा संबंधही असाच. समान, प्रकार आणि पासून मिळणारे, हे तीन संबंध वेगळे राखणे हा या कामाचा पाया आहे.

प्रोटेजे हे साधन

ऑन्टॉलॉजी तयार करण्यासाठी व दुरुस्त करण्यासाठी जी सॉफ्टवेअर आहेत, त्यांत अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात विकसित झालेले प्रोटेजे हे विशेष प्रचारात आहे. ते विनामूल्य मिळते व साध्या संगणकावर चालते. त्याच्या पडद्यावर डावीकडे वर्गांची उतरंड दिसते: वरती ‘कीड’, तिच्याखाली ‘बोंडअळी’, तिच्याखाली तिचे प्रकार. वर्ग निवडला की उजवीकडे त्याची नावे व संबंध दिसतात. नावे देवनागरीत लिहिता येतात आणि प्रत्येक नावापुढे ते कोणत्या भाषेतील आहे हे नोंदविता येते.

या साधनात दोन सूची एकत्र आणण्याचे दोन मार्ग आहेत. एक मार्ग आयातीचा. यात मूळ सूची आपल्या जागी राहते व आपली सूची तिचा आधार घेते. मूळ सूचीत सुधारणा झाली की ती आपल्याकडेही येते. दुसरा मार्ग विलीनीकरणाचा. ‘रिफॅक्टर’ या मेनूतील ‘मर्ज ऑन्टॉलॉजीज’ या आज्ञेने निवडलेल्या सूचींतील सर्व विधाने एका सूचीत उतरविली जातात. त्यानंतर मूळ सूचीशी तिचा संबंध राहत नाही. मूळ सूची दुसऱ्या संस्थेची असून ती वेळोवेळी सुधारली जात असेल तर आयात श्रेयस्कर. सर्व संस्था मिळून पुढे एकच सूची चालविणार असतील तर विलीनीकरण करावे.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. ही आज्ञा दिल्याने विधाने एका ठिकाणी येतात, परंतु अर्थ एक होत नाहीत. दोन पोती धान्य एका कणगीत ओतल्याने ते निवडले जात नाही, त्यातलाच हा प्रकार होय. एका सूचीतील ‘घाटे अळी’ आणि दुसरीतील ‘अमेरिकन बोंडअळी’ विलीनीकरणानंतरही दोन वेगळे वर्गच राहतात. ते समान आहेत हे माणसाने सांगावे लागते.

कामाचा क्रम

एकत्रीकरण पुढील क्रमाने केल्यास श्रम वाचतात व चुका कमी होतात.

१. सर्व मूळ सूचींच्या प्रती जशाच्या तशा जपून ठेवाव्यात. काम प्रतींवर करावे. चूक झाल्यास मागे जाण्यास वाट राहते.

२. प्रत्येक नोंद कोणत्या सूचीतून आली हे तिच्याबरोबर लिहून ठेवावे. पुढे मतभेद झाल्यास मूळ कर्त्याला विचारता येते.

३. प्रत्येक किडीचे, रोगकारकाचे व पिकाचे शास्त्रीय नाव नोंदवावे. निरनिराळ्या बोलींतील नावांना जोडणारा तो पूल होय. मात्र शास्त्रीय नावेही बदलतात. सबब जुने नाव खोडून न टाकता पर्यायी नाव म्हणून ठेवावे.

४. सूची विलीन कराव्यात किंवा आयात कराव्यात. नंतर समान वाटणाऱ्या जोड्यांची यादी करावी. सारख्या अक्षरांच्या जोड्या संगणक शोधून देतो. परंतु ती केवळ सूचना समजावी, निर्णय समजू नये.

५. प्रत्येक जोडीवर त्या विषयाच्या जाणकाराने निर्णय द्यावा: समान, प्रकार, अन्य संबंध, किंवा संबंध नाही. शंका असल्यास जोडी तशीच सोडावी. न जोडलेली नावे पुढे केव्हाही जोडता येतात. चुकीने जोडलेल्या नावांवरून दिलेला सल्ला मात्र परत घेता येत नाही.

६. ज्या गोष्टी एकत्र असूच शकत नाहीत त्या परस्परभिन्न म्हणून स्पष्ट नोंदवाव्यात. एका रोगकारकापासून होणारा रोग बुरशीजन्य असेल तर तो जिवाणूजन्य नसतो, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही, परंतु संगणकाला सांगावे लागते.

७. शेवटी तर्कयंत्र चालवून तपासणी करावी, व दोष दुरुस्त करून ती पुन्हा करावी.

तर्कयंत्राची शक्ती व मर्यादा

सूचीतील विधानांवरून निष्कर्ष काढणारा व विसंगती शोधणारा जो भाग प्रोटेजेमध्ये असतो, त्याला रीझनर म्हणजे तर्कयंत्र म्हणतात. हर्मिट हे असे एक तर्कयंत्र प्रोटेजेबरोबरच मिळते. समजा, एका सूचीत ‘करपा’ हा बुरशीजन्य रोगांखाली आहे व दुसऱ्या सूचीत ‘करपा’ या नावाने कडा करपाच अभिप्रेत असून तो जिवाणूजन्य रोगांखाली आहे. केवळ नाव सारखे म्हणून कोणी हे दोन वर्ग समान ठरविले, तर तर्कयंत्र तत्काळ ते लाल अक्षरांत दाखविते. अशा वर्गात कोणतीही वस्तू असू शकत नाही, असा त्याचा अर्थ. हजारो नोंदींतून माणसाच्या नजरेतून सुटणारी चूक यंत्र क्षणात पकडते. अर्थात सहाव्या पायरीतील परस्परभिन्नतेचे विधान आधी केलेले असेल तरच.

ते केले नसेल तर काय होते, याचे बोंडअळीचे उदाहरण बोलके आहे. कपाशीवर मुख्यतः तीन बोंडअळ्या येतात: अमेरिकन, ठिपक्यांची व गुलाबी. यांपैकी अमेरिकन बोंडअळी म्हणजेच घाटे अळी. आता कोणी घाईने ‘घाटे अळी’ व ‘बोंडअळी’ हे वर्ग समान ठरविले असे समजा. गुलाबी बोंडअळी ही बोंडअळीचा प्रकार म्हणून आधीच नोंदलेली आहे. त्यामुळे ती घाटे अळीचाही प्रकार ठरते, आणि घाटे अळीसाठी नोंदलेला प्रत्येक उपाय तिलाही लागू होतो. तर्कयंत्र काही हरकत घेत नाही, कारण त्याच्यापुढे आलेल्या विधानांत विसंगती नाही.

शेतात मात्र अनर्थ होतो. घाटे अळीवर वापरण्यात येणारा एच.ए.एन.पी.व्ही. हा विषाणू त्या किडीपुरताच उपयुक्त आहे. त्याने रोगट झालेल्या अळ्या झाडावर उलट्या लटकून मरतात. गुलाबी बोंडअळीवर त्याचा परिणाम होत नाही. कामगंध सापळ्यांचेही तसेच. घाटे अळीच्या पतंगासाठी हेलील्यूर व गुलाबी बोंडअळीच्या पतंगासाठी गॉसिप्ल्यूर वापरावा लागतो. चुकीचा ल्यूर लावलेल्या सापळ्यात गुलाबी बोंडअळीचे पतंग येत नाहीत, आणि रिकामा सापळा पाहून शेतकरी कीड नाही असे समजतो. घाटे अळी अर्धे शरीर घाट्याबाहेर ठेवून खाताना दिसते. गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आत राहते, त्यामुळे बोंड फोडून पाहिल्याशिवाय ती सापडत नाही. सापळ्याने फसविले तर सावध करणारे दुसरे काही नसते.

हा भेद किती मोलाचा आहे हे महाराष्ट्राने अनुभवले आहे. बी.टी. कापसाला भारतात २००२ मध्ये परवानगी मिळाली. पुढे २०१७ च्या हंगामात राज्यातील बी.टी. कपाशीवरही गुलाबी बोंडअळीने मोठे नुकसान केले. अमेरिकन बोंडअळीने मात्र बी.टी.ला तशी दाद न देणे आरंभिले नव्हते. ज्या नोंदवहीत केवळ ‘बोंडअळी आढळली’ एवढेच लिहिलेले असेल, तिच्यावरून हा फरक कधीच कळला नसता.

तात्पर्य, तर्कयंत्र विसंगती पकडते, असत्य पकडत नाही. हेलिकोव्हर्पा व पेक्टिनोफोरा या भिन्न किडी आहेत हे विधान सूचीत असते, तर उपरोक्त चूकही लाल अक्षरांत दिसली असती. ते विधान लिहिण्याचे काम किडी ओळखणाऱ्या माणसाचे आहे.

जगातील अनुभव

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने ॲग्रोव्होक ही शेतीविषयक संज्ञांची बहुभाषी सूची १९८० नंतरच्या दशकात सुरू केली. आज तिच्यात चाळीस हजारांहून अधिक संकल्पना आहेत आणि भारतीय भाषांपैकी हिंदी व तेलुगू यांतील नावेही आहेत. प्रत्येक संकल्पनेला क्रमांक असतो; उदाहरणार्थ, मक्याचा क्रमांक १२३३२ आहे. कोणत्याही भाषेतून मक्याचे नाव आले तरी ते याच क्रमांकाशी पोहोचते.

ॲग्रोव्होक, कॅबी या संस्थेची सूची व अमेरिकेच्या राष्ट्रीय कृषी ग्रंथालयाची सूची, अशा तीन मोठ्या सूचींच्या एकत्रीकरणाचा उपक्रम गॅक्स या नावाने हाती घेण्यात आला व त्याची प्राथमिक आवृत्ती २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातील पद्धत अनुकरणीय आहे. तिन्ही सूची संपूर्ण न घेता प्रत्येकीतील सर्वाधिक वापरातील सुमारे दहा हजार संकल्पना निवडण्यात आल्या. जोड्या प्रथम संगणकाने सुचविल्या व नंतर माणसांनी तपासल्या. त्यातून सुमारे पंधरा हजार संकल्पनांची सामाईक सूची सिद्ध झाली. नित्य लागणाऱ्या नावांपासून आरंभ करावा, हा यातील बोध लहान कामासही लागू आहे.

अशा जोडण्यांसाठी २००९ मध्ये प्रमाणित झालेल्या स्कॉस या पद्धतीत तंतोतंत जुळणी व निकट जुळणी असा भेद केलेला आहे. तंतोतंत जुळणी साखळीने पुढे नेता येते: पहिले दुसऱ्यासारखे व दुसरे तिसऱ्यासारखे, तर पहिले तिसऱ्यासारखे. निकट जुळणी अशी पुढे नेता येत नाही. थोड्या थोड्या फरकाच्या जोड्या जोडत गेल्यास साखळीच्या दोन टोकांना परस्परांशी संबंध नसलेल्या गोष्टी येतात. म्हणून ‘साधारण तेच’ असे वाटल्यास तंतोतंत जुळणी लिहू नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांचे काम

संगणकावर बसून एकत्रीकरण करणारे थोडे असतील; त्यांना लागणारा कच्चा माल मात्र गावातूनच येतो. याकरिता कीड-रोगाची प्रत्येक नोंद पुढील बाबींसह करावी:

(अ) शेतकऱ्याने उच्चारलेले नाव जसेच्या तसे. ते पुस्तकी करू नये. पुस्तकी नाव हवे असल्यास निराळे लिहावे.

(आ) पीक, वाण व पिकाची अवस्था.

(इ) रोपाचा कोणता भाग बाधित आहे: पान, खोड, फूल, बोंड, शेंग की मूळ.

(ई) प्रत्यक्ष दिसलेले लक्षण. ‘करपा आहे’ असे न लिहिता ‘पाने टोकाकडून कडांनी वाळत आहेत’ असे लिहावे. ‘बोंडअळी आहे’ असे न लिहिता ‘पाकळ्या चिकटून डोमकळी झाली आहे’ असे लिहावे. डोमकळी लिहिले की गुलाबी बोंडअळीची ओळख पटते.

(उ) गाव, तालुका व दिनांक, आणि शक्य असल्यास छायाचित्र.

(ऊ) सुचविलेला उपाय व त्याचा परिणाम.

ओळख पटत नसेल तर नमुना नजीकच्या कृषी विज्ञान केंद्राकडे न्यावा. नाव न कळल्याची नोंद ही देखील नोंदच होय. अंदाजाने लिहिलेले नाव तिच्यापेक्षा अधिक घातक असते, कारण सूचीत शिरल्यावर ते खऱ्या नावासारखेच दिसते.

शेतकरी बंधूंनीही मोबाइलवर आलेला सल्ला आपल्या पिकाशी ताडून पाहावा. सल्ल्यात वर्णिलेले लक्षण रोपावर दिसत नसेल तर नाव जुळते एवढ्यावरून फवारणी करू नये. प्रथम कार्यकर्त्यास शेत दाखवावे व सल्ला न जुळल्याचे त्यास अवश्य कळवावे. त्या एका तक्रारीने सूचीतील एक चुकीची जोडणी सापडू शकते, व ती दुरुस्त झाली की तीच चूक पुढे दुसऱ्या कोणाच्या शेतात होत नाही.